अकरा ताऱ्यांचा पाटीवाला

तिला घरात सगळे खारू म्हणायचे. लहानपणी तिच्या डोक्यावर केसांचा एक झुपका कायम उभा असायचा, आणि वडिलांच्या सगळ्यात बारीक ब्रशाचे केस खारीच्या शेपटीचे होते. वडिलांना दोन्हींत काही फरक दिसला नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच. आज ती त्रेपन्न वर्षांची आहे, स्वतःचं औषधांचं दुकान चालवते, गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणतात, पण आईच्या लेखी ती अजून खारूच आहे.

ही गोष्ट ती सहावीत असतानाची.

वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या. आख्खा बाजार त्यांना पेंटर म्हणून ओळखत असे. शिडीवर चढले की त्यांचा एक पाय पायरीवर आणि दुसरा हवेत लोंबकळता, जणू शिडी त्यांच्या अंगाचाच भाग होती. खाली शिडी धरून आई उभी. राहती जागा दोन खोल्यांची. पुढची खोली रंगाच्या डब्यांनी भरलेली, त्यामुळे घरातल्या दुधालाही टर्पेंटाइनचा वास येतो अशी पाहुण्यांची तक्रार असायची. घरच्यांना तो वास कधी आलाच नाही.

त्या वर्षी वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसती कपबशी वाजायची. मग एका चपलांच्या दुकानाची पाटी लिहिताना अक्षरांच्या कडा अशा वळवळल्या, की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. दुकानदार सज्जन होता. चकार शब्द बोलला नाही, चहा पाजला, पाटीचं कौतुकही केलं. आठ दिवसांनी त्यानं तीच पाटी दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घेतली. वडिलांनी ती जाता जाता पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात मागच्या रस्त्याने जायला लागले. पुढे तेही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं जाणारं नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहील इतकंच. वडिलांनी ब्रश धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून ठेवले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. आईनं एका बेकरीत पाव बांधायचं काम धरलं. दुपारी चारला जायची, रात्री आठला यायची. बाजूच्या बायका विचारायच्या, तेव्हा ती सांगायची, घरी बसून कंटाळा येतो म्हणून जाते. कोणाचा त्यावर विश्वास बसत नसे, पण तसं कोणी दाखवत नसे.

अशात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तो प्रकल्प दिला. बाई उंच, किडकिडीत, आणि पदराला कायम खडू लागलेला. त्या म्हणाल्या, पूर्वीच्या लोकांनी आकाशात शिकारी पाहिला, विंचू पाहिला, सिंह पाहिला, कारण त्यांच्या आजूबाजूला तेच होतं. ते लोक तुमच्या घरी राहत असते तर त्यांना काय दिसलं असतं? प्रत्येकानं स्वतःचा एक तारकासमूह शोधायचा, काळ्या कार्डावर काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याची गोष्ट लिहायची. अट एकच होती. तारे खरे हवेत आणि जागच्या जागी हवेत. बाईंजवळ आकाशाचा मोठा नकाशा होता, त्याच्याशी त्या प्रत्येक कार्ड ताडून बघणार होत्या. मुदत पंधरा दिवसांची.

खारूनं पहिल्या संध्याकाळी घरात बसल्या बसल्या मांजर काढलं. छान गुबगुबीत मांजर, मिशांसकट, आणि मग मिशांच्या टोकांवर तारे चिकटवले. वडिलांनी खुर्चीतून पाहिलं आणि यातले किती तारे तू पाहिलेस असं विचारलं. ती म्हणाली, सगळे. वडील काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं मांजर फाडून टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती वही घेऊन गच्चीत गेली. आकाश चांगलं स्वच्छ होतं, तारे हवे तितके होते, पण वर बघून खाली वहीत ठिपका द्यायचा आणि पुन्हा वर बघायचं, तेवढ्यात कुठला दिला आणि कुठला राहिला याचा पत्ता लागेना. तीन पानं खराब झाली. खाली येऊन तिनं वही भिरकावली आणि जाहीर केलं, की तारे एका जागी राहत नाहीत आणि बाईंना काही कळत नाही.

वडील खिडकीबाहेर बघत होते. बघता बघताच म्हणाले, "चौकट मारल्याशिवाय कोणी पाटी लिहितं का?"

कित्येक आठवड्यांत आपल्या कामाविषयी त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य होतं.

पाटीवाल्याचं काम कसं चालतं ते तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकानं दिलेल्या लहान कागदावर उभ्याआडव्या रेघा मारून घरं पाडायची. भिंतीवर खडू लावलेली दोरी ताणून झटकायची, की तितकीच मोठी घरं उमटतात. मग या घरातलं त्या घरात. हत्ती असो की हत्तीएवढं अक्षर, घर चुकलं नाही तर माप चुकत नाही. पण हे आकाशालाही लागू पडेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. वडिलांच्या आलं.

माळ्यावर एक मोडकी खिडकी पडून होती. तिची चौकट त्यांनी खाली काढायला लावली. खिळे कुठे ठोकायचे त्या खुणा त्यांनी केल्या, ठोकले खारूनं. दोऱ्याही तिनंच बांधल्या, उभ्या आठ, आडव्या सहा, आणि अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांना पांढरा रंग फासला. चौकट गच्चीत नेऊन पाण्याच्या टाकीच्या पायांना तिरकी टेकवली आणि तारेनं आवळली. समोर फरशीवर एक रंगाचा डबा पालथा घातला, त्यावर जुनी उशी. "डोकं दर वेळी इथेच आलं पाहिजे," वडील म्हणाले. "डोकं हललं की आकाश हललं."

रोज सातच्या सुमाराला दोघं वर जायची. खारू आडवी होऊन दोऱ्यांतून बघायची आणि सांगायची, तिसरं घर, वरून दुसरं, डाव्या कोपऱ्याजवळ. वडील शेजारी स्टुलावर बसायचे, मांडीवर फळी, फळीवर घरं पाडलेला कागद, दातांत लहान टॉर्च. पाटी लिहिताना हात टेकायची त्यांची जुनी काठी त्यांनी पुन्हा बाहेर काढली होती. तिच्यावर मनगट टेकवून ते थांबायचे. हात थरथरत राहायचा. मग कधीतरी एक क्षण तो शांत व्हायचा आणि त्या क्षणात पेन्सिलीचं टोक कागदाला लागायचं. टॉर्च तोंडात असल्यामुळे पुढचा ठिपका हवा असला की त्यांच्याकडून फक्त "हं" यायचं. खारूला वाटे, आपण दोघं मिळून एकच माणूस आहोत, डोळे माझे आणि हात यांचा.

तिनं एकदा विचारलं, रेघ येत नाही तर ठिपका कसा येतो? ते टॉर्च काढून म्हणाले, "रेघेला दम लागतो. ठिपक्याचं काम चुटकीसरशी होतं."

पण पहिल्या दिवशी सगळं फसलं. अर्ध्या तासात नऊ ठिपके झाले आणि पडताळायला म्हणून खारूनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, तर एकही तारा आपल्या घरात नव्हता. सगळेच्या सगळे सरकले होते. तिला रडू आलं. वडील मात्र उठून चौकटीभोवती फिरले, तार तपासली, उशी तपासली, आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी उभ्या भिंतींवर काम केलं होतं. सरकणारी भिंत त्यांना पहिल्यांदाच भेटली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क मजा दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी युक्ती काढली. टाकीच्या डाव्या बाजूला एक ठळक तारा होता. तो तिसऱ्या उभ्या आणि चौथ्या आडव्या दोरीच्या गाठीवर आला की काम सुरू, आणि पाच मिनिटांत काम बंद, मग दोनच ठिपके होवोत की एकच. बाकीचे उद्या, पुन्हा तो तारा गाठीवर आल्यावर. असं केलं तेव्हा कालचे तारे मुकाट्याने आपापल्या घरात सापडले. वडील प्रत्येक दिवशी घड्याळ बघून कागदाच्या कडेला वेळ लिहायचे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "हा रोज चार मिनिटं लवकर येतोय. काल सात बावीस, आज सात अठरा. कामाला इतका पक्का माणूस मला कधी मिळाला नाही."

नऊ संध्याकाळी लागल्या. अकरा तारे झाले. त्यातला एक, सगळ्यात उजवीकडचा, थोडा पिवळट होता आणि इतरांसारखा लुकलुकत नव्हता. शेवटच्या दोन दिवसांत तो आपल्या घरातून केसभर बाजूला झाल्यासारखा खारूला वाटला. वडिलांनी दोरी सैल झाली असेल म्हणून ती आवळून घेतली.

आता या अकरा ठिपक्यांचं करायचं काय, हा प्रश्न होता. खारूनं त्यांतून बदक काढून पाहिलं, ते उताणं पडल्यासारखं दिसलं. वडिलांना नुसते ठिपकेच दिसत होते. रात्री आई बेकरीतून आली, कोपरापर्यंत पिठाचे हात, आणि त्या दोघांच्या खांद्यांवरून कागदाकडे बघत पदरानं हात पुसत राहिली. मग तिनं बोट ठेवलं. या चार ठिपक्यांची शिडी. हे डोकं, हा खांदा, हा लांब केलेला हात. आणि हा पाय हवेत. "हे तुम्ही आहात," ती वडिलांना म्हणाली. "पाय कुठे ठेवायचा ते अजून कळलेलं नाही." आणि ती चहा टाकायला आत गेली.

एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेचना. उजवीकडचा पिवळट तारा म्हणजे ब्रशाचं टोक. खारूनं नाव दिलं, पाटीवाला. गोष्ट तिनं एका बैठकीत लिहिली. हा माणूस आकाशाची पाटी रंगवतो आहे, पण पाटी फार मोठी आहे आणि त्याला घाई नाही. पहिलं अक्षरही अजून पुरं झालेलं नाही, म्हणून आकाशाचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही.

रविवारी दुपारी काळ्या कार्डावर ठिपके उतरवून झाले. राहिल्या रेघा. खारूनं हट्ट धरला की रेघा बाबांनीच मारायच्या. त्यांनी नकार दिला. तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी ब्रश घेतला, रद्दीच्या कागदावर एक रेघ ओढली आणि तो कागद तिच्यापुढे धरला. रेघ पाण्यावरच्या सावलीसारखी हलत गेली होती. खारूनं पट्टी घेऊन दुसऱ्या कागदावर मारून पाहिल्या. रेघा सरळ आल्या, पण शिडीवरचा माणूस काड्यापेटीतल्या काड्यांचा झाला.

आई भांडी आवरून बेकरीला निघायच्या तयारीत होती. तिनं चप्पल घालता घालता ते पाहिलं, चप्पल काढली, हात धुऊन आली आणि म्हणाली, द्या इकडे.

वडिलांना वाटलं ती ब्रश धुवायला मागतेय. ती कार्डापुढे मांडी घालून बसली. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळवला, श्वास घेतला आणि सोडता सोडता खांद्यापासून टाचेपर्यंत एका दमात रेघ ओढली. मध्ये कुठे थांबली नाही. रेघ सुरुवातीला जाड, कमरेशी बारीक आणि टाचेपाशी पुन्हा जाड होती. अशी रेघ त्या घरात फक्त एका माणसाला यायची.

वडील कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "तू हे कधी शिकलीस?"

"चौदा वर्षं शिडी कोणी धरली होती?" आई म्हणाली. "खाली उभं राहून माणूस दुसरं काय बघणार?"

उरलेल्या रेघाही तिनंच मारल्या. वडील मागे उभे राहून सांगत होते, मनगट नको, कोपरापासून, इथे हलकी सोड. ती मधूनच "कळतं मला" म्हणायची, आणि तसंच करायची. त्या दिवशी ती बेकरीत तासभर उशिरा पोचली.

शाळेत बाईंनी कार्ड नकाशाशी ताडून पाहिलं. एकेक तारा त्या पेन्सिलीनं मोजत गेल्या. दहा तारे केसभरही इकडेतिकडे नव्हते. अकरावा, ब्रशाच्या टोकाचा, नकाशात नव्हताच. वर्गात हशा पिकला. डॉक्टरांची मुलगी पुढच्या बाकावरून म्हणाली, याला तारा म्हणत नाहीत, रंगाचा शिंतोडा म्हणतात. खारूचे कान लाल झाले. तो तिथे आहे, मी नऊ दिवस पाहिलाय, एवढंच ती म्हणत राहिली. बाईंनी तिला खाली बसवलं आणि हे दहा तारे इतके अचूक कसे काढले असं विचारलं. तिनं चौकट, दोऱ्या, डबा, चार मिनिटं, सगळं सांगितलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, आज संध्याकाळी मी तुमच्याकडे येते.

आणि खरंच आल्या. इतक्या उंच बाई गच्चीतल्या फरशीवर आडव्या झाल्या, रंगाच्या डब्यावर डोकं ठेवलं, आणि गाठीवर तारा यायची वाट बघत राहिल्या. वडील संकोचून टाकीला टेकून उभे होते. बाजारातल्या माणसांसमोर जायचं टाळणाऱ्या त्यांना घरी आलेल्या बाईंसमोरून पळता येत नव्हतं. थोड्या वेळानं बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "हा तारा नाही. ग्रह आहे. म्हणून माझ्या नकाशात नाही. ग्रह फिरतात, त्यांना नकाशात जागा देता येत नाही." मग उठून बसत त्यांनी पदराची धूळ झटकली. "तुमची दोरी सैल नव्हती. तोच सरकत होता. महिन्या दोन महिन्यांत तो पाटीवाल्याच्या हातातून पार निघून जाईल."

खारूला वाईट वाटलं. वडील थोडा विचार करून म्हणाले, "जाईल तर जाईल. ब्रश एकाच जागी राहिला तर अक्षर कसं व्हायचं?"

बाई हसल्या. त्यांनी विचारलं, हे चार मिनिटांचं तुम्हाला कोणी सांगितलं? वडील म्हणाले, कोणी नाही, घड्याळात दिसलं. बाई म्हणाल्या, हे समजायला लोकांना फार मोठी पुस्तकं वाचावी लागतात. पुढच्या आठवड्यात तुम्ही वर्गात याल का? चौकट घेऊन?

ते गेले. जुना पण इस्त्रीचा सदरा घालून गेले. शाळेच्या मैदानात त्यांनी चाळीस पोरांना आळीपाळीनं आडवं पाडून चौकटीतून शाळेचं छप्पर बघायला आणि कागदावर उतरवायला लावलं. हात थरथरत होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता. एका पोरानं विचारलंही, तुमचा हात असा का हलतो? वडील म्हणाले, त्याला रजा पाहिजे, मी देत नाही. मुलं हसली, आणि डॉक्टरांच्या मुलीचं छप्पर सगळ्यांत चांगलं आलं असं त्यांनी जाहीर केलं. खारूला ते अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर घराची घडी हळूहळू बसत गेली. वडील भिंतीवर घरं पाडायचे, खडूनं अक्षरांच्या जागा ठरवायचे, आणि खडूची रेघ हलली तरी आईला नेमकी कुठे न्यायची ते कळायचं. शिडीवर आता आई चढायची, खाली वडील. पहिले काही दिवस बाजारानं माना वर करकरून पाहिलं, मग त्याचीही सवय झाली. आईनं बेकरी सोडली. वडिलांनी पुढचा रस्ता पुन्हा धरला. ते आणखी अकरा वर्षं जगले, आणि शेवटची दोन सोडली तर शिडी धरण्यात त्यांनी कधी खाडा केला नाही.

ते काळं कार्ड शाळेनं भिंतीवर लावायला ठेवून घेतलं, आणि कधीतरी खोल्यांना रंग देताना ते कुठे गेलं कोणास ठाऊक. खारूला त्याची फारशी खंत नाही. तिला आठवतात त्या नऊ संध्याकाळी. पाठीखालची तापलेली फरशी, पांढऱ्या दोऱ्या, आणि बाजूनं येणारं ते "हं". दुकानात औषधं मोजताना कधी कधी ती स्वतःशीच तसं म्हणते, आणि समोरचं गिऱ्हाईक दचकून बघतं.

परवा आईशी बोलताना पाटीवाल्याचा विषय निघाला. आई आता ब्याऐंशीची आहे आणि खारूकडेच असते. बोलता बोलता आई म्हणाली, मी तो कागदावरच पाहिला, आकाशात कधी नाही. तेव्हा मी बेकरीत असायचे ना. पुढे बेकरी सुटली, पण तोवर तो मावळला होता, आणि मग कामाच्या धबडग्यात राहूनच गेलं.

खारू थक्क झाली. इतकी वर्षं ती धरून चालली होती, की त्या गच्चीत तिघं होती.

तिनं त्याच संध्याकाळी आईला लिफ्टनं वर नेलं, खुर्ची ठेवली, आणि खांदा कुठे, टाच कुठे ते दाखवायला लागली. दाखवता दाखवता तिच्या लक्षात आलं, की तिला स्वतःलाच खात्रीनं सांगता येत नाहीये. दिवे वाढलेत, बारीक तारे बुडालेत, आणि चाळीस वर्षांत तिनं वर पाहिलं होतंच कधी? शिडीसारखं काहीतरी तिला दोन ठिकाणी दिसलं. तिनं दोन्ही दाखवली. आई मान वर करून, डोळे बारीक करून बघत राहिली. घाईनं हो म्हणाली नाही.

बऱ्याच वेळानं वारा सुटला तशी ती उठली. खारूनं तिचा दंड धरला.

"आज नाही सापडला," आई म्हणाली. "उद्या शाल घेऊन येऊ."